वळवून आणलेलं पाणी

आमच्या घरामागून एक ओहळ वाहतो. त्याला नाव नाही. गावातले लोक ओहळच म्हणतात, लष्करी कॅम्पातले नाला म्हणतात, आणि माझी बायको बाई म्हणते. बाईला आज पाणी बरंय, असं ती सकाळी चहा टाकता टाकता सांगते, तेव्हा टेकड्यांकडे रात्री पाऊस झाला हे मला कळतं. टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्यांपेक्षा मला हे जास्त उपयोगी पडतं.

ओहळाचा भूगोल फार मोठा नाही. पश्चिमेकडच्या टेकड्यांच्या पायथ्याशी तो सुरू होतो, द्राक्षबागांच्या आणि टोमॅटोच्या मळ्यांच्या कडेने येतो, आमच्या आळीच्या पाठीमागून देवळाली कॅम्पाच्या हद्दीकडे जातो, तिथल्या जुन्या दगडी हौदाला वळसा घालतो आणि पुढे वालदेवी नदीला मिळतो. पावसाळ्यात छातीएवढा, दिवाळीत गुडघ्याएवढा, होळीनंतर नुसती डबकी. त्यात खेकडे आहेत, बगळे आहेत आणि गुटख्याच्या पुड्याही आहेत. कॅम्पात तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात, पण ओहळातले बगळे ढिम्म हलत नाहीत. त्यांना आमच्यापेक्षा जास्त सवय झाली असावी.

माझं आयुष्य नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात, तपासणी विभागात गेलं. सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा, मापात असेल तर पुढे, नसेल तर परत. हा धंदा माणसाच्या अंगात मुरतो. भिंतीवरचा फोटो जरा कलला असेल तर मला घास गिळत नाही. बायको म्हणते, तुम्ही निवृत्त झालात तेव्हा कारखान्यात पेढे वाटले असतील. तिच्या मते मी रागीट आहे, दूध उतू जावं तसा भसकन वर येतो आणि तसाच खाली बसतो. माझ्या मते मी शांतच आहे, फक्त आजूबाजूला मापात नसलेल्या गोष्टी फार आहेत.

तिला मी जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या देवळ्याहून लग्न करून आणलं. तिकडे घरामागे कांदा साठवायची चाळ होती, पुढे पेरूचं झाड होतं आणि बोलणं निम्मं अहिराणीत चालायचं. इथे आल्यावर तिने ती भाषा ठेवणीतल्या साडीसारखी आत ठेवून दिली. फार रागावली किंवा फार गहिवरली तरच बाहेर काढते. पुढे तिचे आईवडील गेले, भावांनी वाटण्या केल्या, घर पाडून तिथे दुकानांचे गाळे निघाले, आणि देवळ्याला जाणं लग्नाकार्यापुरतं उरलं. सकाळच्या बसने जायचं, पंगतीत जेवायचं, संध्याकाळी परत. याची तिने कधी कुरकुर केली नाही, म्हणून मीही त्यावर कधी विचार केला नाही.

श्रावणातल्या एका शुक्रवारी दोन्ही काठांच्या बायका या ओहळाची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. नदीची ओटी भरतात हे सगळीकडेच आहे, पण ओहळाची भरणारी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत. त्याचं कारण आमच्या घराच्या बरोबर मागे पाण्यात पडलेला एक मोठा काळा दगड. त्याला एका अंगाने सरळ, खोल, गुळगुळीत अशी खाच आहे. सीतामाई वनवासात असताना इथे धुणं धुवायला यायची आणि लुगडं आपटून आपटून ही खाच पडली, असं आम्हाला लहानपणी सांगितलं होतं. आता नाशिकच्या आसपास कुठलाही जरा वेगळा दगड दिसला की तो वनवासाच्या नावावर जमा होतोच, हे मलाही कळतं. पण उभा जन्म मोजमापात घालवूनही मी त्या खाचेला कधी पट्टी लावली नाही. काही दगड मोजायचे नसतात.

बायको मात्र त्या दगडापाशी नुसती वर्षातून एकदा जात नसे. अधूनमधून, कधी दुपारची, कधी दिवेलागणीला, चपला घालून मागच्या दाराने जायची आणि तिथे बसून यायची. मी समजायचो, हवा खायला जाते.

यंदा गणपती उठले आणि बातमी आली की आळीमागचा रस्ता रुंद होणार, त्यासाठी ओहळ पाइपात घालणार आणि वर स्लॅब टाकणार. बातमी आणली ती आमच्या भागाच्या पुढाऱ्याने. हा माझा शाळासोबती. ओहळापलीकडे, बरोबर आमच्या समोरच्या काठावर राहतो. लहानपणी आम्ही दोघांनी याच ओहळात म्हशी धुतल्या आणि याच ओहळात एकमेकांची डोकी फोडली. त्याचा हेतू वाईट नव्हता. डास जातील, वास जाईल, गाड्या लावायला जागा होईल, आणि तुझ्या घराला मागूनही रस्ता मिळेल, असं त्याने मला खांद्यावर हात ठेवून समजावलं.

बायकोने हे सगळं पोळ्या लाटता लाटता ऐकलं. तो गेल्यावर तिने लाटणं बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "बाईला बुजवू देऊ नका." एवढंच. माझ्या बायकोने इतक्या वर्षांत माझ्याकडे तोंडाने मागितलेल्या वस्तू आठवायला बसलो तर एक मिक्सर आठवतो, आणि तोही मी उशिरा आणला होता. मी म्हणालो, माझ्यावर सोड. त्या क्षणी ओहळ काय चीज आहे हे मला ठाऊक आहे अशी माझी पक्की समजूत होती.

मी अर्ज लिहिला. सदर प्रवाह वनवासकाळापासून अखंड वाहत असून, अशी झोकात सुरुवात केली. आळीतून सह्या गोळा केल्या. पुढाऱ्याने वाचून विचारलं, अखंड कसा, उन्हाळ्यात तर आपण त्यात क्रिकेट खेळायचो. मी त्याला म्हटलं, तू सही करणार नसशील तर शुद्धलेखनही तपासू नकोस. रस्त्याच्या कामावरचे तरुण साहेब मात्र सज्जन निघाले. त्यांनी अर्ज नीट वाचला आणि सांगितलं की देवळाच्या सभामंडपात सगळ्यांना बोलावून विचारणारच आहोत. ओहळ निसर्गाचा असेल तर त्याला असं झाकता येत नाही. माणसाने खणलेला जुना चर असेल तर गोष्ट वेगळी. तुम्ही तो कुठून निघतो, कसा येतो हे सांगा, म्हणजे झालं.

हे तर माझ्या हातचं काम होतं. कोपऱ्यावरच्या गवंड्याकडून मी पाण्याची नळी मागून आणली. पाणी भरलेली लांबलचक पारदर्शक नळी असते, दोन टोकं दोघांनी धरायची, दोन्हीकडे पाणी एका पातळीत उभं राहतं आणि जमिनीचा चढउतार काठीवर मोजता येतो. दुसरं टोक धरायला बायको निघाली. तुम्हाला एकट्याला पाठवलं तर वाटेत कुणाशी तरी भांडत बसाल, असं तिने कारण दिलं. पिशवीत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि माझी रक्तदाबाची गोळी.

ओहळाच्या काठाने वर जायला निघालो आणि पहिल्या फर्लांगातच आमचं वाजलं. ती नळी हलवायची, मी ओरडायचो, ती म्हणायची पाणी नळीतच आहे, कुठे पळून गेलेलं नाही. बांधावरचा एक मळेवाला हातातलं काम टाकून आम्हाला पाहत उभा राहिला. त्याला वाटलं आम्ही भाऊबंदकीची जमीन मोजतोय. पण हळूहळू आमचा हात बसला. मी काठीवर खूण वाचायचो, ती तिकडून तिची खूण सांगायची, आणि दोघंही पुढे सरकायचो. इतका वेळ एकमेकांचं ऐकून काम केल्याचं आम्हाला दोघांनाही आठवत नव्हतं.

मापं फार सुरेख येत होती. दर नळीमागे उतार तितकाच. पुन्हा मोजलं, तितकाच. मी खूष झालो. पाहा, निसर्ग किती मापात असतो, असं मी तिला सांगितलंसुद्धा. आणि सांगता सांगताच मी काठी खाली ठेवली. कारण निसर्ग मापात नसतो. ओहळ कुठे डोह करतो, कुठे खडकावरून उडी मारतो, वाट फुटेल तसा वाकडातिकडा जातो. तो नेहमी सगळ्यांत खोल जागा शोधतो. हा तसा नव्हता. हा उताराच्या कुशीने, खालची खोलगट शेतं डाव्या हाताला सोडून, कडेकडेने शिस्तीत चालला होता. त्या डाव्या अंगाला सबंध वाटेवर एक बुटका मातीचा वरंबा होता, त्यावर बाभळी आणि निर्गुडी माजलेली. खणलेली माती खालच्या बाजूला टाकत गेलं की असाच वरंबा होतो. मी हा वरंबा जन्मापासून पाहत होतो. त्यावर बसून चिंचा खाल्ल्या होत्या.

काठी उचलली आणि बायकोला नुसतं म्हटलं, चल पुढे.

वर टेकडीच्या तोंडाशी उरलंसुरलं सगळं उघड झालं. टेकड्यांतून येणारा खरा ओहळ तिथे होता, खडकांतून धडपडत येणारा, अगदी मापात नसलेला. आणि त्याच्या आडवा घडीव काळ्या दगडांचा, चुन्यात बांधलेला एक ठेंगणा बंधारा घातलेला होता. बंधाऱ्याच्या अंगाला आमच्या ओहळाचं तोंड. त्या तोंडाशी दोन दगड समोरासमोर उभे, आणि दोघांनाही आतल्या बाजूने सरळ, खोल, गुळगुळीत खाच. फळ्या सरकवून पाणी सोडायची आणि अडवायची सोय होती ती. आमच्या घरामागे आडवा पडलेला सीतामाईचा दगड याच दोघांचा भाऊ होता.

मी बंधाऱ्यावर बसलो. गोळी घ्यायची वेळ झालीय का, असं तिने विचारलं. मग मी तिला सगळं सांगितलं.

सांगता सांगता मलाच एकेक उलगडत गेलं. इंग्रज साहेबाच्या राज्यात कॅम्प बसला. पलटणी आल्या, तोफा आल्या, तोफा ओढायला घोडे आले. घोड्यांना पाणी हवं. म्हणून हा पाट खणून टेकडीचं पाणी कॅम्पाच्या कडेच्या दगडी हौदापर्यंत नेलं. माझे आजोबा त्या हौदावर घोड्यांना पाणी पाजायच्या कामाला होते, ही गोष्ट आमच्या घरात अभिमानाने सांगत. घोड्यांची नावं आजोबांना मरेपर्यंत पाठ होती. हौद साहेबाने बांधला हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. पण हौदात येणारं पाणी मात्र सीतामाईचं, याबद्दल कुणाला शंका नव्हती. एकाच ओहळाच्या वरच्या टोकाला रामायण आणि खालच्या टोकाला इंग्रजी राज्य, आणि मधे आम्ही पिढ्यानपिढ्या म्हशी धूत बसलेलो. साहेब गेला, घोडे गेले, खाचांमधल्या फळ्या कुजून गेल्या असतील, पाणी मात्र चालत राहिलं.

मला वाईट वाटत होतं ते ओहळाचं की माझ्या अर्जाचं, हे सांगता येणार नाही. हे जर सभेत कळलं तर ओहळ गेलाच. माणसाने खणलेला जुना चर. रस्त्याच्या साहेबांनी सरळ सांगितलं होतं. मी म्हणालो, आपण इथवर आलोच नाही असं समजू. ती बंधाऱ्यावरून खाली, पलीकडच्या कोरड्या बाजूला पाहत होती. मी काय बोलतोय याकडे तिचं लक्षच नव्हतं.

"मग बाईचं माहेर कुठं?" तिने विचारलं.

मला आधी कळेना. मग कळलं. पाणी वळवलं, तर वळवायच्या आधी ते कुठून जात होतं, असं ती विचारत होती. एवढा साधा प्रश्न मला सुचायला हवा होता, पण मी माझ्या अर्जाचं सुतक धरून बसलो होतो.

आम्ही बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उतरलो. पहिल्यांदा नुसती झुडपं. मग एका सोयाबीनच्या शेतात मधोमध पसरट खळगी, आणि तिच्यात नदीत असतात तसे वाटोळे गोटे. शेतकऱ्याने नांगरताना वेचून ते बांधावर रचून ठेवले होते. त्याच्यापुढे एक वड, त्याच्यापुढे लग्नसमारंभांच्या लॉन्सची भिंत. भिंतीच्या पलीकडे पुन्हा तीच खळगी, भराव टाकून जवळजवळ सपाट केलेली. आणि शेवटी, सगळ्यांत खोल जागी, आमच्या पुढाऱ्याच्या पुतण्याने बांधलेली बंगल्यांची नवी रांग. तिथे राहणारी माणसं दरवर्षी पावसात तळघरात पाणी येतं म्हणून ओरड करतात, हे मी ऐकून होतो. कारण आता पाहिलं. आमचा ओहळ बंद करून पाइपात कोंबला आणि पाइप तुंबला, तर टेकडीचं पाणी बंधाऱ्यावरून उसळून आपल्या जुन्या वाटेने थेट यांच्या स्वयंपाकघरात येणार.

मला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. म्हटलं, आता पुढारी सापडला. बायकोला मी तिथल्या तिथे माझा डाव समजावून दिला. आधी खणलेल्या पाटाबद्दल गप्प बसायचं, साहेबांनी फारच विचारलं तर मग हे बंगल्यांचं बाहेर काढायचं. ती त्या बंगल्यांच्या फाटकाशी उभी होती. आत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. ती म्हणाली, इथे तर काहीच राहिलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली की बाईच्या नावावर खोटं बोलू नका, जे आहे ते सांगा. परतताना नळी तिने एकटीने गुंडाळली.

सभेला मंडप भरला होता. आळीतले पुरुष पुढे, बायका मागे, पुढाऱ्याची म्हातारी आई खांबाला टेकून खुर्चीवर. साहेबांनी विचारलं, आणि मी उठून जे आहे ते सांगितलं. उतार सांगितला, वरंबा सांगितला, बंधारा, खाचा, घोडे, सगळं. बायकांत कुजबुज झाली. एक काकू तर मोठ्याने म्हणाल्या की एवढं शिकून माणसाने सीतामाईला घोड्यांच्या पागेत बांधलं. माझे कान तापले. पुढे बंगल्यांविषयी बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पुढारी उभा राहिला. तो विजयी वगैरे नव्हता, उलट माझी सुटका केल्यासारखा हसत होता.

"मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "ओहळ इथला नाहीच. कुणीतरी आणून सोडलेला. तो झाकला तर कुणाचं काय जातंय?"

मागच्या बाजूला खुर्ची सरकली. माझी बायको उभी होती. ती चार माणसांत बोलत नाही. लग्नात उखाणा घेतानासुद्धा तिचा आवाज पहिल्या ओळीच्या पुढे गेला नव्हता.

"साहेब, मी बी आठली नही शे," ती म्हणाली, आणि लगेच स्वतःला सावरून मराठीत आली. "म्हणजे मीसुद्धा इथली नाही. मी देवळ्याची. मलाही असंच वळवून आणलं. तिकडं माझं घर होतं, तिथं आता गाळे आहेत. भांडण झालं की बाया माहेरी जातात. मला जायला जागा नाही, म्हणून मी बाईपाशी जाऊन बसते. रुसून बसायला तेवढीच जागा आहे मला. तिलाही मागं जायला घर नाही, आम्ही जाऊन बघून आलो. आता इतक्या वर्षांनी तुम्ही म्हणता ही इथली नाही, हिला झाका. मग उद्या माझं काय करायचं ठरवलंय?"

ती बसली. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. हवा खायला जाते. आमची सगळी भांडणं एका मागोमाग एक माझ्या डोळ्यांपुढून गेली, आणि प्रत्येक भांडणाच्या शेवटी मागचं दार वाजत होतं. मी खाली मान घालून रडलो. इतक्या लोकांत रडायची लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही.

मग पुढाऱ्याच्या आईने काठी आपटली. तिने लेकाला सर्वांदेखत विचारलं की सिन्नरहून मला कुणी आणलं, तुझ्या बापानंच ना, मग मलाबी पाइपात घाल. लोक हसले, पुढारीही कसनुसं हसला, आणि मागे बसलेल्या बायकांतून मी सटाण्याची, मी पेठची, मी येवल्याची, असे आवाज येऊ लागले. अख्ख्या मंडपात इथलं असं आम्ही पुरुषच निघालो. बंगल्यांच्या तळघरांविषयी मी पुढे सांगितलं आणि साहेबांनी ते लिहून घेतलं, जागेवर जाऊन पाहिलंही. पाइपाचं आता बारगळलंय. रस्ता थोडा अरुंद होऊन ओहळाच्या कडेने जाणार आहे. पण ते सगळं नंतरचं. खरं काम कधी झालं, हे तिथे असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

नवरात्रातल्या शुक्रवारी म्हातारीने माझ्या बायकोला घरी बोलावलं, पाटावर बसवलं आणि तिची ओटी भरली. नवी साडी, खण, नारळ, केसांत गजरा. जाता जाता तिला बजावलं की, "रुसलीस तर वल्ल्यात दगडावं बसायचं नाय. सरळ इकडं यायचं. घर तुझं हाय." बायकोने हे मला घरी आल्यावर सांगितलं आणि साडीवरून हात फिरवत बराच वेळ नुसती बसून राहिली.

परवा आमचं भांडण झालं. मी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे एका ओळीत लावून ठेवले होते, आणि तिला संध्याकाळी हिंग सापडेना. शब्दाने शब्द वाढला. मी जरा जास्तच बोललो. तिने गॅस बंद केला, पिशवीत एक साडी घातली, मागच्या दाराने निघाली आणि ओहळावरच्या लहानशा फरशी पुलावरून पलीकडे गेली.

मी थोडा वेळ थांबलो. मग वरण गार झालं, मीही गार झालो, आणि शर्ट बदलून तिला आणायला गेलो. म्हातारी ओसरीवर बसली होती. तिने मला समोर बसायला सांगितलं. आतून माझ्या बायकोचा हसण्याचा आवाज येत होता, अहिराणीत काहीतरी सांगत होती कुणाला. एवढ्यात पुढारी बाहेर आला. ज्याने माझं आणि ज्याचं मी डोकं फोडलं होतं, त्याने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला, पंचा पुढे केला आणि अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, "दाजी, हातपाय धुवा."

मी हातपाय धुतले. पोहे आले, चहा आला. बायको बाहेर आली नाही. शेवटी मीच चाचरत विषय काढला की, आता अंधार पडतोय, हिला पाठवता का. म्हातारीने माझ्याकडे नीट पाहिलं.

"आज ऱ्हाऊ द्या तिला," ती म्हणाली. "उद्या या न्यायला. मग बघू."

मी मान डोलावली, चपला घातल्या आणि फरशीवरून एकटाच घरी आलो. गार वरण तसंच भातावर घेतलं आणि जेवलो. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.